साहेबांना खोका

“सांगून कोणाला खरं वाटणार नाही, पण आमच्या सिनापातीचा कोंबडा राजधानीत, आपियाला, जकातीच्या साहेबांच्या टेबलावर चढला आणि साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले!”

आव्याच्या मुळ्यांच्या पेयाचा घोट घेऊन म्हाताऱ्या मुलितालोने करवंटी खाली ठेवली. सवाई बेटावरच्या त्या गावाचा तो वक्ता. सरकारदरबारी गावातर्फे बोलायचा मान त्याचा, आणि गावातल्या थापांचाही.

बाहेर त्याची भाची सिनापाती खुराड्याचे खिळे उपटत होती. एकेक खिळा कुरकुरत निघत होता.

“गेलो कशाला होतो? तर परदेशातून त्या बर्फातल्या तंगड्या येतात ना, खोकेच्या खोके. तिकडचे लोक कोंबडीची छाती खातात आणि तंगड्या आपल्याकडे ढकलतात. इतक्या स्वस्त की हिची जिवंत कोंबडी कोणी घेईना. म्हटलं, साहेब, त्या तंगड्यांवर जकात लावा, नाहीतर पोरीचा धंदा बसला म्हणून समजा.”

“आणि भेट काय नेलीस, मामा?” बाहेरून आवाज आला.

मुलितालो खाकरला. “रिकाम्या हाताने कसं जायचं? रीत म्हणून खोका नेला.”

“कसला खोका? सांग की.”

“तंगड्यांचा.”

भोवती बसलेली मंडळी खो खो हसली.

“दात काय काढता? मयताला, लग्नाला, पाद्रीबुवांना तुम्ही काय नेता रे? टोपलीत कोंबडी घेऊन गेलो असतो तर गावाची शोभा झाली असती! साहेबही हेच म्हणाले, ‘आजोबा, जकात लावली तर पुढच्या खेपेला मला काय आणाल?’ तेवढ्यात बरोबर आलेल्या हिच्या पिशवीतला कोंबडा निसटला, तो टेबलावर, तिथून थेट खोक्यावर. आणि असा आरवला, असा आरवला, की आतल्या गोठलेल्या तंगड्या उठून नाचायला लागल्या! साहेबांना घाम फुटला. तिथल्या तिथे सही ठोकली. शंभराला साठ जकात!”

बाहेरची कुरकुर थांबली. सिनापाती खांबापाशी येऊन उभी राहिली. ओठांत धरलेले खिळे तिने तळहातावर घेतले. अजून गंजलेसुद्धा नव्हते.

“खोटं, मामा. कोंबडा आरवला, तेवढंच खरं. सही झाली असती तर हे मी कशाला उपटले असते?”