मुद्देमाल

"आमच्याकडे सगळं कायदेशीर असतं बरं का," दुकानदार म्हणाला. फौजदारांचा एक पाय अजून दाराबाहेरच होता.

"मी कुठे काय म्हणालो?"

फौजदार निवृत्त झाले होते, त्यांची नजर नव्हती झाली. त्यांच्या मुलाला दुकानदाराची मुलगी आवडली होती, तिला तो आवडला होता. पण पोरगा वडिलांचा शब्द मोडणारा नव्हता. म्हणून आज ते स्वतः बघायला आले होते, या दुकानात सोयरीक करायची की नाही ते. सोबत हवालदार होता. हवालदार म्हणजे त्यांचा कुत्रा. दोघांनी मिळून जन्मभर अमली पदार्थ हुंगून काढले आणि निवृत्तही एकदमच झाले.

फौजदारांनी मान वर करून पाटी वाचली. "मुलगा म्हणाला, औषधी पानांचं दुकान आहे. ओढायची पानं आहेत, हे नाही बोलला लेकाचा."

"तंबाखूचं नाव नाही हो त्यात! परवाना आहे, दाखवू का? कायद्यानुसार..."

"बाबा, कुणी विचारलंय का?" मुलगी काउंटरमागून म्हणाली. ती तराजूवर वाळका पुदिना तोलत होती. दुकानात चांगलाच गारठा होता आणि तिने गळ्याला राखाडी मफलर गुंडाळला होता.

फौजदार एकेक बरणी उघडून वास घ्यायला लागले. गुलाबाच्या पाकळ्या. कृष्णकमळाची पानं. तिसऱ्या बरणीपाशी ते थांबले. "हे काय?"

"निळं कमळ, काका. ओढलं की रात्री छान स्वप्नं पडतात म्हणतात. मला तर एकदाही पडलं नाही."

"मग विकतेस कशी?"

"हेच सांगून विकते. आणि धूर तो धूरच, छातीला काही चांगला नाही, हेही सांगते. तरी नेतात."

फौजदारांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीतल्या मिशीत दाबलं. पोरगी खरं बोलत होती. खरं बोलणारी माणसं त्यांना नोकरीत फारशी भेटली नव्हती.

"बरं. माझं झालं," असं म्हणत त्यांनी साखळी सोडली. "आता याचं होऊ दे. हवालदार, शोध!"

दुकानदाराची पाचावर धारण बसली. कर नाही त्याला डर कशाला, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्याच्या दुकानात कुणी असा कुत्रा सोडलेला नसतो.

हवालदार मागचे पाय ओढत निघाला. खालचं फडताळ हुंगलं, पोती हुंगली, पुदिन्यापाशी सणकून शिंकला. पुढे गेला. मग एकाएकी त्याने नाक वर केलं, काउंटरला वळसा घातला आणि थेट मुलीच्या समोर जाऊन बसला. ताठ. शेपटी स्थिर, डोळे तिच्यावर.

"बसला," फौजदार म्हणाले. आवाज एकदम सरकारी झाला होता.

"बसला म्हणजे?"

"सापडलं की बसतो. उगाच बसत नाही."

"अहो, पाय दुखत असतील त्याचे! वय झालंय!" दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"त्याच्या वयावर जाऊ नका."

मुलीने कोणी न सांगताच खिसे उलटे केले. रुमाल, दुकानाची किल्ली, अर्धी पेन्सिल. "माझ्याकडे काही नाही, काका. खरंच नाही." ती घाबरली नव्हती, पण डोळे भरून आले होते. सगळं चांगलं चाललेलं असताना हे मध्येच काय निघालं!

हवालदार जरासा उठला, मान लांब केली आणि मफलरचं टोक अलगद तोंडात धरलं.

फौजदारांनी चष्मा चढवला. वाकून ते टोक बघितलं. काठाशी एक टाका सुटलेला होता.

"हा कुणाचा?"

मुलगी कानापर्यंत लाल झाली. "त्यानेच दिला. दुकानात गारठा असतो म्हणून."

फौजदार स्टुलावर बसले आणि अंग गदगदा हलेपर्यंत हसले. दुकानदाराला कळेना, आपणही हसावं की काय करावं.

"हिने विणलेला मफलर आहे हा, आमच्या हिने," फौजदार डोळे पुसत म्हणाले. "पोरगा घरी म्हणाला, कुठे गेला कुणास ठाऊक. हवालदार रोज याच्यावर झोपायचा, म्हणून हिने सगळं खापर त्याच्यावर फोडलं. याने फाडला, यानेच कुठेतरी पुरला. अख्खा हिवाळा बिचाऱ्याला सोफा बंद! मुद्देमाल आमच्याच घरचा निघाला की हो!"

मुलीने मफलर सोडून जमिनीवर अंथरला. हवालदार त्यावर दोनदा गोल फिरला, धपकन आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले.

फौजदारांनी घरी फोन लावला. "अगं, ऐकलंस का? आधी हवालदाराची माफी माग... हो, मफलर सापडला... नाही गं, फाटलाय कुठे, चांगला धडधाकट आहे..." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कुणाकडे म्हणजे? सुनेकडे!"

दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. बोलायचं बरंच होतं, पण तोंडातून सवयीचा तेवढा एकच शब्द निघाला.

"कायदेशीर?"

फौजदारांनी फोनवर हात ठेवला.

"तारीख काढा, म्हणजे तेही होईल."