वेबसाइटचा नारळ

जयमालानं मोबाईलवर व्हिडिओ पाहून-पाहून स्वतःच्या सांडग्यांची वेबसाइट बनवली. सासरे उकंडराव अडून बसले, "नारळ फोडल्याबिगर दुकान उघडत नसते बेटा!" आणि त्यांनी लॅपटॉपसमोरच नारळ असा हाणला, की सगळं पाणी बटणांत. लॅपटॉप फुस्स करून बंद.

"गेली माही वेबसाइट, मामाजी!" जयमालानं हंबरडाच फोडला.

उकंडराव हातात खोबरं धरून चोरावानी उभे. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. नागपूरची कोणी बाई होती, "आत्ता तुमची वेबसाइटच पाहून राह्यली मी. दोन किलो सांडगे पाठवता का?"

जयमाला नाचायलाच लागली. उकंडरावांची छाती फुगली.

"पाह्यला नारळाचा गुण? आण तो मोबाईल इकडं, त्यालेबी एक फोडतो!"