उभा केला नाही, धरलाय

"हे खाली घ्या," सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या हातात पक्कड होती.

मावशीनं मान वळवली, हात हलवला नाही. गच्चीच्या मधोमध ती उभी होती. लाकडी पट्टीवर ठोकलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या कांड्या तिनं डोक्यावर आडव्या धरल्या होत्या. तळमजल्यावर पार्लर चालवणाऱ्या या बाईला बिल्डिंगमधले लहानथोर सगळे मावशीच म्हणत.

"ठराव वाचलाय मी. गच्चीवर अँटेना उभा करायचा नाही, बांधायचा नाही, टेकवायचा नाही. मी काय केलंय? धरलाय नुसता."

"वकिली करू नका, मावशी."

"मग ठराव जरा नीट लिहायचात."

समुद्रात वादळ फिरत होतं. हवामानाचा उपग्रह आत्ता डोक्यावरून जाणार होता आणि जाता जाता खालचं चित्र रेडिओवरून सोडणार होता. जेमतेम पाव तासाचा मामला. मावशीला त्या वादळाचा डोळा हवा होता. टीव्हीवरचा नको, स्वतः पकडलेला. अँटेनाची वायर पाण्याच्या टाकीमागे गेली होती.

टाकीमागून आवाज आला, "आला बरं का सिग्नल."

"कोण आहे तिकडे?" सेक्रेटरीनं विचारलं.

"टाकी आहे," मावशी म्हणाली. "ऊन लागलं की बोलते."

टाकीमागे तिचा नवरा मांडीवर लॅपटॉप घेऊन दडला होता. लॅपटॉपला बोटभर लांबीचा रिसीव्हर खोचलेला, सिग्नलचं चित्र करायचं काम सॉफ्टवेअरचं. नवरा कमिटीवर होता. त्या ठरावावर त्याचीही सही होती. कमिटीत समोर कागद आला की तो सही करायचा, आणि घरी येऊन आज जेवायला मिळणार का याचा अंदाज घ्यायचा.

"ठीक आहे," म्हणत सेक्रेटरी कठड्याला टेकला. "बघतो किती वेळ धरताय."

"दिवसभर बायकांच्या डोक्यावर ड्रायर धरते मी. तुम्ही स्वतःसाठी खुर्ची मागवा."

पण ड्रायर फिरवत राहायचं असतं. हा अँटेना हलवायचाच नव्हता. ते काही मावशीच्या हिशोबात आलं नव्हतं. खांद्यात कळ आली, आणि मग कोपर कललं.

"काळा पट्टा आला," टाकी पुटपुटली. "समुद्रात मधोमध."

"आणि वादळ?"

"कडा दिसतेय. डोळा अजून यायचाय."

सेक्रेटरी हसला. पक्कड खिशात घालून पुढं आला आणि त्यानं एक कांडी मुठीत धरली. "द्या इकडे. पुरे झाला तमाशा."

"गेला सिग्नल," टाकीमागून आलं.

मावशी सोडेना. तोही सोडेना.

"हात काढा," ती म्हणाली. "नाहीतर रविवारी केस काळे करायला दुसरं पार्लर शोधा."

"हळू बोला ना." सेक्रेटरीनं इकडेतिकडे पाहिलं. पण मूठ काही उघडली नाही.

तेवढ्यात टाकीमागून नवरा बाहेर आला. पँटच्या गुडघ्यांना शेवाळ लागलेलं. लॅपटॉप त्यानं सगळ्यांना दिसेल असा टाकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग येऊन सेक्रेटरीचं एकेक बोट कांडीवरून सोडवलं, साडीत अडकलेला काटा काढावा तसं, हळूच. आणि बायकोच्या कोपराखाली आपला खांदा दिला.

"काका, तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाला. "अहो, तुम्ही कमिटीवर आहात."

"आहे ना. जरा मागं सरका, चित्र खराब होतंय."

पडद्यावर काळा जाड पट्टा संपला आणि पुन्हा ओळीमागून ओळ उतरू लागली. पांढरा भोवरा हळूहळू मोठा झाला, आणि त्याच्या पोटात सुईनं टोचल्यासारखं एक काळं भोक उघडलं.

"आला," मावशी म्हणाली. तिचा हात आता नवऱ्याच्या खांद्यावर निवांत टेकला होता.

सेक्रेटरीनं पडद्याकडं पाहिलंच नाही. "संध्याकाळी मीटिंग घेतो. धरायचाही नाही, असा ठराव आणतो. आणि काका, पहिली सही तुमची."

"माझ्याकडे पेन नाही," नवरा म्हणाला.

त्याच्या शर्टाच्या खिशात पेन होतं. टोपण उन्हात चमकत होतं, तिघांनाही दिसत होतं.