जुनी की सुधारित?

वडिलांच्या शोकसभेत त्यांची लाडकी गिटारची रचना मुलानेच वाजवायची, असं आईचं फर्मान निघालं. तिच्या स्वरलिपीच्या घरच्या प्रतीच्या पार चिंध्या झाल्या होत्या, म्हणून तो संगीताच्या पुस्तकांच्या दुकानात गेला.

दुकानदाराने दोन प्रती पुढे सरकवल्या. "ही जुनी आवृत्ती. पाचव्या ओळीत एक स्वर चुकीचा छापलाय. ही सुधारित. हीच न्या. जुनी आता फक्त हट्टी मास्तर लोक मागतात."

त्याने दोन्हींतली पाचवी ओळ वाचली. सोळाव्या वर्षी तो या ओळीत कानाला पटेल तो स्वर वाजवायचा आणि वडील जुन्या प्रतीवर बोट आपटायचे. शेवटी, "बाळा, तुला कानच नाही," म्हणत त्यांनी त्याला आपल्या वर्गातून काढलं होतं.

सुधारित प्रतीत नेमका त्याचाच स्वर होता.

"कुठली बांधू?"

"जुनी द्या. हॉलभर वडिलांचेच विद्यार्थी असणार. उगाच सगळ्यांना वाटेल, मी चुकलो."

संध्याकाळी तो वाजवून खाली उतरला. आईने डोळे पुसले.

"आज ते हवे होते रे. पहिल्यांदाच बरोबर वाजवलंस."