अंगठ्यावरचं भूत

हॅलोवीनच्या दुपारी ओहायोतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी आईची नखं रंगवत होते. काळ्या रंगावर टूथपिकने पांढरी भुतं, नारिंगी भोपळे. अंगठ्यापाशी थांबले. ते नख आधीच काळंनिळं होतं. “गाडीचं दार लागलं गं.” “गेल्या वर्षीही दारच! त्याला फक्त तूच सापडतेस?” “गप्प रंगव. संध्याकाळी चर्चच्या आवारात गाडीच्या डिकीतून मुलांना चॉकलेट-गोळ्या वाटायच्यात, माझी आईही येईल, तिला दिसायला नको.” मी रंगाचे दोन हात दिले, वर हसरं भूत काढलं. बाहेरच्या खोलीतून बाप ओरडला, “ब्रिन, अंगठा नीट झाक! यापुढे उलट बोलायची नाही ती.” आणि हसला मेला. आईने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. मग तिने नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा उचलला आणि भूत रंगासकट पुसून टाकलं. “लेकीच्या हातून झाकून घेतोस?” ती मोठ्याने म्हणाली. “ब्रिन, गोळ्या भर. याच हाताने सगळ्यांना वाटणार आहे.”