शेवटची भट्टी

"ही नको फोडायला, पोरी," डर्क काका म्हणाले. "बापाची आठवण म्हणून घरी ने. भिंतीवर लाव."

प्रिटोरियाबाहेरच्या माळावर काका चिलखताच्या पाट्या गोळी घालून तपासत. ओनालेनाचे वडील, सेलेका, त्या पाट्या बनवायचे. पुढे भट्टीत भाजलेली कठीण फरशी, मागे धातूचा पत्रा. दर भट्टीतली एक पाटी काकांकडे यायची. ती टिकली, तर बाकीच्या पाट्या बँकेची रोकड नेणाऱ्या गाड्यांवरच्या रखवालदारांच्या छातीवर चढायच्या. नाही टिकली, तर सगळी भट्टी बाद. सेलेकांना मूठमाती दिल्यापासून कारखाना कसाबसा तग धरून होता. आजची भट्टी बाद म्हणजे दाराला कुलूप.

"रखवालदार खोळंबलेत, काका," ती म्हणाली. तिच्या बाहीवर सुतकाची काळी पट्टी अजून टाचलेली होती.

काकांनी पाटी ओल्या मातीच्या ठोकळ्यावर बांधली. दोघं भिंतीआड गेली. काकांनी ठरल्या अंतरावर घट्ट बसवलेल्या बंदुकीच्या घोड्याची दोरी ओढली.

फरशीच्या ठिकऱ्या उडाल्या. काका हसले. फरशी फुटायलाच हवी. तिच्यावर आपटून गोळीचं टोक बोथट होतं, फुटता फुटता ती धक्का चहूकडे पसरवते, आणि उरलेला जोर मागचा पत्रा वाकून झेलतो. पत्रा वाकला होता, फाटला नव्हता. मातीत उथळ खळगा पडला होता. काकांनी त्याची खोली मोजली, पुन्हा मोजली आणि पाटी पास केली.

मग थर्मासमधला लाल चहा ओतत ते बोलत सुटले. म्हातारा सेलेका यायचा तो बिल्टाँग, म्हणजे वाळवलेलं मांस, घेऊन, आणि अर्ध्याहून जास्त स्वतःच चघळायचा. पण फरशी करावी त्यानंच. दुसऱ्यांच्या फरशीची खापरं होतात, त्याच्या फरशीचा हा असा भरडा. शंभर जणांत ओळखीन. त्यांनी मूठभर ठिकऱ्या तळहातावर घेतल्या. म्हाताऱ्याचा हा हात आता पुन्हा नाही, म्हणाले, आणि बाहीनं नाक पुसलं.

ओनालेनानं चहा संपवला.

"बाबांनी शेवटची भट्टी ईस्टरला लावली, काका. ही त्यांच्यानंतरची. माझी."

काका रागावले. आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं, तर तुम्ही बंदूक जरा मागे सरकवली असती."