चढावरचा हात

शप्पथ घेऊन सांगते, यातलं अक्षर न अक्षर खरं हाय! माझ्या नातीचं, साक्षीचं, हॉलतिकीट घरीच राहिलं, म्हणून म्या लुगडं खोचलं अन् तिच्या जाड टायरच्या, बॅटरीवाल्या डोंगरी सायकलवर डांबरी रस्त्यानं गंगाखेडला निघाले.

चढावर बॅटरी संपली. तेवढ्यात पाठीवर कुणाचा तरी हात टेकला अन् सायकल सरसर वर चालली. मागं बघितलं तर रस्ता रिकामा.

परीक्षेच्या गेटावर साक्षी म्हणाली, "आज्जे, पाठीवर धुळीचा पंजा कुणाचा गं? चारच बोटं हायत."

तिच्या आज्याचं एक बोट चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेलं व्हतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

म्या तिथंच हात जोडले. "लय उपकार केले बघा."

बरं, एक गोष्ट म्या रचली. बॅटरी चढावर संपली न्हवती. ती घरीच चार्जिंगला राहिली व्हती.